बिगर कडत्याचं

जात्यापाशी खुर्ची लावायची सूचना बायडाबाईने मांडली, आणि तीही सगळी भावकी चहाला बसलेली असताना, रिकामी बशी खाली ठेवता ठेवता.

योगिताचं लग्न माघात धरलं होतं. मंडप कोणाचा, आचारी केजचा की नांदूरघाटचा, हे सगळं बोलून झालं आणि विषय हळदीवर आला. लग्नघरी हळद दळायला माळ्यावरचं जातं खाली उतरतं, त्याला आंब्याचे डहाळे बांधतात, सुवासिनी भोवती बसतात आणि घरातली थोरली सुवासीण हळकुंडांची पहिली मूठ जात्यात टाकते. या घरात ती मूठ सत्यभामाबाईंची. सासू गेल्यापासून भावकीतल्या एकाही लग्नात ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नव्हती, आणि आता तर सख्ख्या नातीचं लग्न होतं.

"मी काय म्हंते, अक्का," बायडाबाई म्हणाली, "तुमचे गुडघे बगता जात्यापाशी एक खुर्ची ठिवू. तुमी वरून मूठ सोडा. दळायला आमी हाव की खाली."

बायडाबाई म्हणजे धाकटी जाऊ. तिच्या बोलण्यात साखर फार. त्या साखरेमागून मुंग्या कुठून कुठून येतात, हे सत्यभामाबाई नवरी होऊन आल्यापासून बघत होत्या.

"वरून मूठ सोडायला मी काय कोंबड्याला दाणे टाकायली का?"

"तसं न्हाई, अक्का. पर खाली बसल्यावर तुमाला उठवायचं म्हंजी..." बायडाबाईने वाक्य अर्धं सोडलं. अर्धं सोडलेलं वाक्य पुरं करायला भावकीतल्या बायका फार हुशार. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला.

सत्यभामाबाई उभ्या राहिल्या. म्हणजे उठायला लागल्या. उभं राहायला थोडा वेळ गेला, आणि त्याने बायडाबाईचाच मुद्दा पक्का झाला. "आइका समद्यांनी. योगीच्या हळदीला मी भुईवर बसणार. मांडी घालून. बसता आलं न्हाई तर पहिली मूठ बायडाची."

समद्यांनी ऐकलं. त्यांच्या नवऱ्याने, बंकटरावांनीसुद्धा ऐकलं, आणि लग्न झाल्यापासून न ऐकणं हाच त्यांचा संसाराचा मुख्य आधार होता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई, म्हणजे धनश्री, त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती, आणि तिने पहिल्याच शब्दाला "आजी" म्हटलं. ते सत्यभामाबाईंनी गिळलं. पण नर्सचं काही गिळता येण्यासारखं नव्हतं. काट्यावर उभं केलं ते ठीक, पण वजन सांगायची तिची रीत अशी, की स्टँडवर जणू परळीची गाडी पुकारावी.

"चौऱ्याऐंशी!"

बाकावर बायडाबाईची घाटनांदूरची विहीण बसलेली. दुपारच्या जीपने ती परत गेली आणि दिवस मावळायच्या आत चौऱ्याऐंशीचा आकडा घाटनांदूरला पोचून तिथून फोनने परत केजला आला.

डॉक्टरीण म्हणाली, "गुडघ्यावरचा भार कमी केला की खाली बसणं जमेल. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. घाई करू नका. आणि पहिल्या आठवड्यात झपकन कमी झालं तर हुरळून जाऊ नका, ते बहुतेक पाणी असतं."

"पाणी? मी काय टाकी हाय?"

"अंगातलं पाणी हो, आजी."

महिन्याला दीड-दोन किलो! सत्यभामाबाईंना हा सरळ अपमान वाटला. सात खोल्यांचं घर त्यांनी एका दिवसात सारवलेलं होतं, तेही पाऊस तोंडावर असताना. त्यांना असली लुटुपुटीची उद्दिष्टं सांगणाऱ्या बाईला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, हे उघड होतं.

त्या नर्सपुढे पुन्हा उभं राहायचं नाही, हे दवाखान्याच्या पायरीवरच ठरलं. परमेश्वर, म्हणजे मुलगा, शाळेत मास्तर. त्याने मोबाइलवरून काचेचा वजनकाटा मागवला. तो घरात आला आणि एक नवीनच गोष्ट कळली, की सत्यभामाबाईंचं वजन खोलीगणिक वेगळं आहे. स्वयंपाकघरात शहाऐंशी, ओसरीत त्र्याऐंशी, देवघरात एकोणऐंशी.

"देवघरातलं धरायचं," त्यांनी निकाल दिला.

"माय, फरशी वाकडी हाय. शहाबादी हाय ती, काटा डुगडुगतोय," परमेश्वर म्हणाला.

"फरशी वाकडी आसंल. देव वाकडा न्हाई."

पण दुसऱ्या दिवशी देवघरातच अठ्ठ्याऐंशी भरलं, तेव्हा तो काटा नास्तिक ठरवून कपाटावर गेला.

दरम्यान शेजारपाजार कामाला लागला होता. शेजारच्या चाँदबीने सकाळी कोमट पाण्यात लिंबू सांगितलं, आणि कलौंजी. "अल्ला कसम भाबी, आमच्या मावशीची कंबर आस्सी झाली," म्हणून तिने मनगट दाखवलं. मावशी वारली त्याला बरीच वर्षं झाली होती आणि कंबर नेमकी कधी तशी झाली हे सत्यभामाबाईंनी विचारलं नाही. समोरच्या तुळजाबाईने कुळथाचं पाणी सांगितलं. कारल्याचा रस सांगणारी बाई तर ओळखीचीही नव्हती. केजच्या बाजारात भाजी घेताना आपणहून थांबली, वरखाली बघितलं आणि सांगून निघून गेली.

सत्यभामाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःचा उपाय काढला: उपास. एकादशी आणि चतुर्थी होतीच. त्यात सोमवार, गुरुवार आणि शनिवार घातले. अन्न तोडलं की वजन कुठून येणार? आता उपासाला भगर लागते. भगर घशाखाली उतरायला शेंगदाण्याची आमटी लागते. आमटीने तोंड तिखट झालं की शेंगदाण्याचा लाडू लागतो, आणि दुपारी डोळ्यापुढे अंधारी येऊ नये म्हणून साबुदाणा. धनश्री एकदा म्हणाली, "आत्याबाई, भाकरीपेक्षा हे जास्तीच व्हायलंय." सत्यभामाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढच्या उपासाला लाडू तिनेच वळले.

राहिला प्रश्न काट्याचा. तो बंकटरावांनी नकळत सोडवला. सोयाबीन घेऊन ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, निघाले होते.

"तितला काटा कसा हाय, आवो?"

"मोठा हाय."

"शिक्का हाय का त्याच्यावर?"

"सरकारी शिक्का हाय."

सत्यभामाबाई टेम्पोत पुढे बसल्या.

मोंढ्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने वही उघडली. बंकटरावांची पोती लिहून झाली आणि त्याने विचारलं, "बाईंचा माल कोनता?"

"मीच माल. वजन करायचंय."

"माणसाचा रकाना न्हाई ह्याच्यात."

"मंग पाड की."

"रकाना बीडहून पडून येतो, बाई." मागे ट्रॅक्टरांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. पहारेकऱ्याने शेवटी 'सोयाबीन, एक कट्टा' लिहिलं आणि फाटक उघडलं. एवढा अपमान सत्यभामाबाईंनी सोसला, कारण काट्यावर शिक्का होता.

बबनरावांच्या अडतीवर उत्तरेश्वर मापाडी होता. मिसरूड फुटल्यापासून पोती मोजणारा, आणि मोंढ्याच्या बोलीत पोत्याला 'डाग' म्हणणारा. काट्याचे लाल आकडे अडतीच्या गादीकडे तोंड करून होते. माल आणणाऱ्याने मापाड्याच्या तोंडाकडे बघायचं, ही तिथली पद्धत. सत्यभामाबाई काट्यावर चढल्या, पदर सारखा केला, आणि उत्तरेश्वराच्या तोंडाकडे बघितलं.

"ब्याऐंशी!"

पहिल्याच आठवड्यात दोन किलो! डॉक्टरणीचा महिन्याचा कोटा सात दिवसांत! त्या दिवशी सत्यभामाबाईंनी टेम्पोवाल्यालासुद्धा चहा पाजला. पुढच्या खेपेला वाटेत पावसाने गाठलं, चिंब भिजून त्या काट्यावर चढल्या, आणि उत्तरेश्वराने आकडा पुकारला, "एक्क्याऐंशी!"

मग मात्र घरात कोणाला उसंत राहिली नाही. योगिताने मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाली, "आज्जी, ह्या गतीनं माघात तू माझ्यापेक्षा बारीक दिसशील." ती गमतीने म्हणाली होती. सत्यभामाबाईंनी ते उद्दिष्ट म्हणून घेतलं. त्यांनी अंगावरचं सोडून आपली सगळी पोलकी गोळा केली आणि चाँदबीच्या सुनेकडे, शाहीनकडे, टाकली. शाहीनचं घरातच शिवणाचं मशीन होतं.

"समदी आवळ. बाहीपासून कमरेपर्यंत."

"मावशी, आत्ताच? आंगाला तर बरोबर होयाली."

"माघातल्या आंगाला आवळ."

वर त्यांनी लाडूंची संख्या वाढवली. एवढं उतरतंय तर अंगात त्राण नको का? आणि बायडाबाईला निरोप धाडला, की खुर्ची भाड्याने सांगितली असेल तर विसार परत घे.

महिना भरला तसा धनश्रीने दवाखान्याचा धोशा लावला. सत्यभामाबाई या खेपेला आनंदाने तयार झाल्या. आवळलेलं पोलकं घालायचा प्रयत्न झाला. ते दंडातच अडकलं. शाहीनने जास्तीच आवळलं, असा निष्कर्ष निघाला आणि सगळी पोलकी तिच्याकडे परत गेली. दवाखान्यात बाकावर चांगली गर्दी होती, हेही त्यांना बरंच वाटलं. नर्सला त्यांनीच सांगितलं, "सांग गं जोरात."

"पंच्याऐंशी!"

दवाखान्यात कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

तिथून त्या सरळ मोंढ्यात गेल्या. पहारेकऱ्याने आपणहून 'सोयाबीन' लिहिलं.

"उत्तरेश्वरा! मागल्या खेपेला माजं वजन किती सांगितलंस रं?"

"एक्क्याऐंशी, बाई."

"आन् आज दवाखान्यात पंच्याऐंशी भरलंय. चार किलो वाढाया मी काय भोपळा हाय, येलावरचा?"

उत्तरेश्वराने डोकं खाजवलं. "एक्क्याऐंशी ते कटून, बाई."

"कटून म्हंजी?"

"काट्यावर चौऱ्याऐंशीच होतं. त्यातला दोन किलो कडता गेला. आन् एक ओलीचा. त्या दिशी पावसात आलता न्हवं तुमी? लुगडं चिंब होतं."

कडता काय असतो, हे सत्यभामाबाईंना चांगलं ठाऊक होतं. पोत्याचं वजन, माती, काडीकचरा, ओल, अशी नावं सांगून मालातून घट काढायची ही बाजाराची खोड. त्यांच्या घरच्या सोयाबीनला तो दर साली लागत आला होता. पण घरच्या बाईला?

"माणसाला कडता लावतूस, मेल्या?"

"मी लावत न्हाई, बाई. लागतो आपसूक. तोंडालाच सवं पडली. पोतं काट्यावर चढलं की..."

"पोतं?"

उत्तरेश्वराने जीभ चावली. पण शब्द गेला होता.

मग जे झालं, ते मोंढ्यात अजून सांगतात. सत्यभामाबाईंचा आवाज असा लागला, की गादीवरून बबनराव धावत आले. "बाई, दोन-तीन किलोचं काय घिऊन बसलाव? भरून देतो. सोयाबीन नेता का तूर?"

"मला तूर न्हाई पाहिजे. माजं वजन परत कर! बिगर कडत्याचं सांग!"

मागे ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना नेमकं एवढंच ऐकू आलं. कडत्याच्या नावाने त्यांची डोकी आधीच तापलेली. कोणीतरी ओरडलं, "बराबर हाय बाईचं!" दुसरा म्हणाला, "बाई मानूस उभी ऱ्हायली, आन् आपन काय बांगड्या भरल्यात बे?" बघता बघता पाऊणशे माणूस काट्याभोवती जमलं. "कडता बंद करा! बिगर कडत्याचं मोजा!" माल घेऊन आधीच आलेले बंकटराव एका थप्पीमागे जाऊन पोती मोजत उभे राहिले. ती त्यांची नव्हती.

बबनराव घाबरले. "आरं मोज बाबा, बिगर कडत्याचं मोज!"

सत्यभामाबाई काट्यावर चढल्या. आता उतरायची सोय नव्हती. उत्तरेश्वराने छाती भरून घेतली आणि साऱ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं पुकारलं:

"पंच्याऐंशी! बिगर कडत्याचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले. भांडण जिंकलं होतं. फक्त जो आकडा चारचौघांत लपवायला त्या मोंढ्यात आल्या होत्या, तो आता तालुक्याला पाठ होता.

दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शाहीन पोलकी घेऊन आली. सगळी पहिल्यासारखी. आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, तिने कापलीच नव्हती, नुसता दोरा घातला होता. "सासूबाई बोल्ल्या, कापू नको म्हून," ती एवढंच म्हणाली. चाँदबीने भिंतीपलीकडून खोकून दुजोरा दिला.

मग सत्यभामाबाई दवाखान्यात गेल्या. एकट्या, गर्दी सरल्यावर.

"पोरी, तू त्या दिशी पाण्याचं बोलली होतीस."

"हो."

"मापाडी बी तेच म्हंतो. ओलीचा कडता."

डॉक्टरणीने सगळी हकीकत ऐकली. हसू दाबायला तिला दोनदा टेबलाखाली पडलेलं पेन उचलावं लागलं. मग म्हणाली, "आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? किलो उतरायला पाहिजेत, का खाली बसायचंय?"

"बसायचंय."

"मग काट्यावर महिन्यातून एकदाच चढा, इथेच. एरवी बसणं मोजा. जेवण तोडू नका. दोनची दीड भाकरी करा, उपास होते तेवढेच ठेवा, लाडू बंद. संध्याकाळी चालत जा. आता कशावर बसता येतं?"

"खाटंवर."

"त्याच्यापेक्षा थोडं खाली बघा. मग आणखी थोडं."

थोडं खाली म्हणजे काय, हे सत्यभामाबाईंनी घरी येऊन ठरवलं. घरात वाकळा होत्या. जुन्या लुगड्यांच्या, त्यांनी स्वतः टाके घातलेल्या, जाडजूड. त्यांची खाटेएवढी उंच चळत ओसरीत रचली आणि भिंतीला टेकून तिच्यावर बसल्या. रोज सकाळ-संध्याकाळ बसायचं आणि उठायचं. बसणं हसत-बोलत व्हायला लागलं, की वरची एक वाकळ काढायची. त्याआधी नाही.

'त्याआधी नाही' हे कलम त्यांना झेपणारं नव्हतं. मध्येच एकदा बायडाबाई येऊन चळतीकडे बघून म्हणाली, "सिंव्हासन झ्याक हाय, अक्का." ती गेल्यावर त्यांनी तिरीमिरीत दोन वाकळा एकदम काढल्या. गुडघा सुजून टम्म झाला. चार दिवस शेक घेतला, आणि मग प्रश्न आला: काढलेली वाकळ परत घालायची का? पोळीवर वाढलेलं तूप परत घेण्यासारखंच ते. त्या चळतीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. बंकटराव उठले, काही न बोलता दोन्ही वाकळा परत चढवल्या, वर हात फिरवून सुरकुती काढली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी ऐकलं नव्हतं, पण बघितलं होतं.

मग घाई केली नाही. संध्याकाळी चाँदबीबरोबर मारुतीच्या पारापर्यंत, पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत चालणं सुरू झालं. चालताना गावाची उणीदुणी काढली की रस्ता कळत नाही, हा शोध दोघींचा. दिवाळीत चळत चढली नाही की उतरली नाही. दिवाळीत एवढंही खूप, असं डॉक्टरीण म्हणाली. लग्नाच्या आधल्या आठवड्यात नर्सने पुकारलं, "एक्क्याऐंशी!" तोच आकडा. फक्त आता लुगडं कोरडं होतं. ओसरीत एकच वाकळ उरली होती. नुसत्या भुईवर मात्र त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

हळदीच्या दिवशी जातं मांडलं. डहाळे बांधले. शेजारी भिंतीला एक खुर्ची होती. "आसू द्या कडंला," बायडाबाई म्हणाली. धनश्रीने हळूच वाकळ आणली. सत्यभामाबाईंनी मानेने नाही म्हटलं. योगिता हिरव्या चुड्याचे हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

त्या खुंट्याला धरून खाली गेल्या. मधे एकदा थांबल्या. सगळ्या बायका थांबल्या. मग भुई लागली. उजवी मांडी पडली, डावीही पडली. डावा गुडघा जरा वर राहिला, पण त्याला मांडीच म्हणतात. त्यांनी पहिली मूठ टाकली आणि जातं घरघरलं. गाणं धरलं तेही त्यांनीच.

दळून झालं. बायका उठल्या.

"उठा, अक्का. पंगत बसायली."

सत्यभामाबाईंनी उठायचा विचार केला. विचार गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"मी बसायचं बोलले होते. उठायचं कवा बोलले?"

बायका खो-खो हसल्या. बायडाबाईने हात पुढे केला. सत्यभामाबाईंनी तो धरला, आणि उठायच्या ऐवजी तिलाच खाली ओढलं. "दळताना उभीच होतीस. बस. तुजी बी मूठ टाक."

बायडाबाई धप्पकन बसली आणि "आई गं!" करून गुडघा धरला. ते ओरडणं नाटकी नव्हतं. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं.

"तुजे बी?"

"दोन सालं झाली, अक्का." बायडाबाई पदराशी चाळा करत म्हणाली. "म्हन्लं, तुमाला एकदा खुर्ची लागली, की मंग मला बी लाजायचं कारन न्हाई."

म्हणजे ती खुर्ची एवढे दिवस त्या दुसऱ्याच मापाने मोजत होत्या. सत्यभामाबाईंनी जात्यावरची हळद बोटाने गोळा केली.

"लगीन झालं की येत जा ओसरीत. वाकळा हायत माज्याकडं. तुला दोन जास्तीच्या लागत्याल, तू लाडू सोडणार न्हाईस."

बायडाबाई हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात लग्नासाठी मागवलेलं गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन उत्तरेश्वर दारात आला. जात्यापाशी रुतलेल्या दोघी बघून त्याने पोतं उतरवलं, हात झटकले आणि अदबीने विचारलं, "गडी बोलवू का, बाई? दोन डाग दिसत्यात."

"बोलीव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माजं बिगर कडत्याचं. हिला एक किलो ओलीचा धर."